पाच मोज, मग बोल

थांबा. बाकी सगळं राहू दे, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. कारखान्याच्या बाहेर ओट्यावर बसून मोबाइलवर टाइप करतेय, चुका होतील, समजून घ्या. आत सगळे माझ्यावर चिडलेत. का चिडलेत ते सांगतेच, पण आधी शालनमावशी सांगायला पाहिजे. ती कळल्याशिवाय तुम्हालाही मीच येडी वाटेन.

तर झालं असं. आमचा गणपतीचा कारखाना, पेणला. मी तिथे एअरब्रश मारते. म्हणजे मूर्तीला देहरंग लागला की गालावरची लाली, सोंडेवरची छटा, पितांबराच्या निऱ्यांची सावली, हे सगळं बारीक फवाऱ्यानं करायचं. आम्ही चौघी आहोत आणि चौघींना हवा पुरवायला एकच कॉम्प्रेसर. खाली लांबुळकी टाकी, वर मोटर नि पंप. आज सकाळी तो तापून बंद पडला. थोडा वेळ थांबून चालू केला, परत बंद. सीझन तोंडावर. मग नंदूशेठनं, म्हणजे आमच्या मालकानं, एक नवीन वायरमन बोलावला. तो आला, झाकण काढलं, आत बघितलं आणि हसून म्हणाला, "डायरेक्ट मारू का? दोन मिन्टांचं काम."

आयशप्पथ, मी हातातला ब्रश तिथेच टाकला. कारण हे वाक्य, हेच, दोन मिन्टांसकट, मी आधी ऐकलंय.

शालनमावशी रोह्याची. म्हणजे रोह्याची म्हणायची पद्धत, खरं घर पुलापलीकडे अष्टमी गावात. पेणपासून रोह्यापर्यंत जिथे जिथे हवेची मशीन होती, गणपतीचे कारखाने, टायरवाले, गाड्या रंगवणारे, तिथे तिथे मावशी जायची. वय पंचावन्नच्या पुढे. साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट, शेतावर जाणाऱ्या बायका घालतात तसा. शर्टाच्या खिशात वही नाही, काही नाही, नुसता टेस्टर. हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. आणि डाव्या हाताची मागची बाजू काळपट, चट्ट्याचट्ट्यांची. मला आधी वाटलं इसब आहे की काय. नाही. ते पोळून पोळून झालेलं.

ती आली की कुणाशी बोलायची नाही. मशीन चालू करायला सांगायची, डोळे मिटायची नि ऐकायची. मग तो डावा हात उलटा करून पंपाच्या डोक्यावर टेकवायची आणि ओठातल्या ओठात मोजायची. एक. दोन. तीन. पाचपर्यंत हात राहिला तर ठीक. नाही राहिला तर मशीन बंद. मधलं काही नाही. आपण मध्ये बोलायला गेलो, "मावशी, काल ना काय झालं" वगैरे, की एकच उत्तर.

"पाच मोज, मग बोल."

नंदूशेठला गंमत करायची सवय. एकदा म्हणाला, "मावशी, डोकं तापलंय त्याचं. तापाची गोळी देऊ का?"

"गोळी तुला देते. त्याला हवा दे," मावशी म्हणाली. "गरम व्हनं येगळं नि तापनं येगळं. काम केलं तर गरम व्हनारच. तापलं म्हंजे त्याला कायतरी सांगायचं हाय."

माझी नि तिची ओळख कशी झाली ते ऐका. माझा एअरब्रश मध्येच थुंकायला लागला होता. बारीक फवारा यायचा सोडून थेंब. एका मोठ्या मूर्तीच्या गालावर असा थेंब ओघळला की गणपती रडतोय असं वाटायला लागलं. मी घाबरून मावशीला फोन केला. ती म्हणाली, "तू गप. फोन मशीनपाशी धर." मी धरला. पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं कट झाला. मग एकदम:

"दसऱ्याला हार घातलेला काय गो याला?"

"हो."

"काढला?"

मी बघितलं. पूजेचा हार काढायचा नसतो अशी आमच्याकडे समजूत, तो आपोआप गळेपर्यंत ठेवायचा. झेंडूचा वाळलेला हार हवा ओढायच्या जाळीपाशीच लोंबत होता, अर्धा तर आतच गेला होता. जाळी उघडली तर आत झेंडूचा चुरा, वर रंगाची पूड, सगळं मिळून गादीसारखं. मशीनला श्वासच घेता येत नव्हता. म्हणून तापत होतं, म्हणून तापलेल्या हवेतलं पाणी नळीत जमून माझ्या ब्रशातून थुंकत होतं. आणि हे तिनं रोह्यात बसून, फोनवर सांगितलं! मी त्या दिवशी घरी जाऊन सगळ्यांना तीन-तीनदा ही गोष्ट सांगितली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा माझ्या हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत देहरंग. "तूच का ती फोनवाली? काय नाव?" मी सांगायच्या आत म्हणाली, "राहूदे. गुलाबी." तेव्हापासून मी गुलाबी.

तिच्या काही सवयी मला तेव्हा नुसत्या विचित्र वाटायच्या. चपला काढल्या की उलट्या ठेवायची, तोंड बाहेरच्या बाजूला. बसायची ती दारापाशीच. चहा थंड झाल्याशिवाय प्यायची नाही, आणि कॉम्प्रेसरकडे पाठ करून तर कधीच बसायची नाही. एकदा तिनं माझं स्टूल उचललं नि खोलीच्या दुसऱ्या भिंतीला नेऊन ठेवलं. मी म्हटलं, "मावशी, तिथे उजेड नाही गो!" तर म्हणाली, "दिवा लाव. पर टाकीच्या टोकाला तोंड करून बसायचं नाय." का, ते सांगितलं नाही. मी रुसले. दोन दिवस बल्ब लावून काम केलं आणि तिच्या नावानं बोटं मोडली. ते स्टूल अजून तिथेच आहे.

आणि एक शब्द तिच्यासमोर उच्चारायचा नाही. डायरेक्ट.

हे जरा समजावून सांगते, कारण सगळं ह्याच्यावरच आहे. कॉम्प्रेसरच्या बाजूला एक छोटी डबी असते. टाकी हवेनं भरली की ती डबी मोटर बंद करते. मोटर फार तापली तरी तीच बंद करते. आता मशीन सारखं बंद पडायला लागलं की लोक वैतागतात, आणि कुणीतरी त्या डबीतल्या वायरी काढून एकमेकींना जोडून टाकतं. ह्याला म्हणतात डायरेक्ट मारणं. मग मशीन बंद पडत नाही. कधीच बंद पडत नाही. टाकी भरली तरी नाही, तापलं तरी नाही. सगळे खूश.

मावशीला कुठे असं केलेलं दिसलं की तिचा चेहरा बघवायचा नाही. ओरडायची नाही हं. गप्प व्हायची. एका टायरवाल्याकडे मी तिच्यासोबत होते, त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "मावशी, तुमी येयाच्या आधी मीच डायरेक्ट करून चालवलं बगा." मावशी म्हणाली, "पोरं किती तुला?" "दोन." "दुकानात येतात?" "येतात की, शाळा सुटली का." मावशीनं पिशवीतून पक्कड काढली नि कामाला लागली. तो माणूस हसायचा थांबला तो थांबलाच.

आता मेन. हे मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, असाच सीझन. कॉम्प्रेसर तापायचा, बंद पडायचा. नंदूशेठच्या मेव्हण्यानं मावशीला न विचारता तो डायरेक्ट मारून दिला. चार दिवस मस्त चालला. पाचव्या दिवशी टाकीखाली लालसर पाणी दिसायला लागलं, नि नंदूशेठनं घाबरून मावशीला बोलावलं. मी त्या दिवशी नव्हते, चुलतबहिणीच्या साखरपुड्याला रोह्यालाच गेले होते. मागाहून कळलं ते असं. मावशीनं पान्यानं टाकी ठोकून बघितली. वरून टण्ण वाजली. खाली, पायाजवळ, भद्द. मावशी म्हणाली, "हिच्यात काय राह्यलं नाय. माझ्याकडं एक चांगली टाकी हाय, उद्या टेम्पोनं आणते. डबी पन आणते. तोवर हात लावायचा नाय." आणि वायर कापायला पक्कड काढली.

नंदूशेठ मध्ये पडला. "वायर नको कापू मावशी. नवी घातलीय. माझा शब्द. कोणी हात लावणार नाय."

"मंग फडकं बांधते. काळं दे."

"काळं? सीझनला? देवाच्या कारखान्यात? मावशी, गिऱ्हाईक येतं इथं!"

मग मावशीनं लाल बांधलं. रस्ता खणलेला असला की लाल लावतात, फाटकाला लाल असतं, रेल्वेला लाल. तिच्या हिशेबानं लाल म्हणजे थांब. कोणालाही कळेल.

पण आमचा कारखाना गणपतीचा! आमच्याकडे लाल म्हणजे काय? देवाला लाल वस्त्र, पाटावर लाल कापड, बुकिंग झालेल्या मूर्तीच्या हाताला लाल दोरा. संध्याकाळी बेबीआत्या, म्हणजे नंदूशेठची आत्या, ती आम्हाला चहापाणी बघते, ती तिथून गेली. तिला फडकं कोरं दिसलं. मशीन बंद ठेवायचंय हे तिला माहीत होतं, पण तिला वाटलं, लाल वस्त्र नेसवलंय नि असं बोडकंच ठेवलंय? तिनं कुंकू लावलं. ताजा हार घातला. उदबत्ती ओवाळली. मायेनंच हो.

सकाळी मी आले. सगळ्यांच्या आधी, कारण आदल्या दिवसाची सुट्टी भरून काढायची होती. नंदूशेठ मूर्ती पोचवायला डोलवीला गेलेला. मी बघते तर कॉम्प्रेसरला लाल वस्त्र, कुंकू, हार. मला वाटलं, वा! मावशी येऊन गेली, दुरुस्त झाला, पूजासुद्धा झाली.

चालू मी केला.

आणि वर काय केलं, तर मावशीला फोन लावला, थँक्यू म्हणायला. तोपर्यंत बाकीच्या तिघी आल्या होत्या, आत्या चहा टाकत होती; मशीन चालू बघून त्यांना वाटलं, नवी टाकी बसली. मी रंग कालवत, फोन खांद्यात धरून म्हटलं, "मावशी, भारी काम केलंस गो. एकदम झकास चाललाय."

मावशीनं थँक्यूकडे लक्षच दिलं नाही. 

"हा आवाज कसला?" मावशी म्हणाली.

"कॉम्प्रेसर. तूच तर..."

"किती वेळ झाला चालू करून?"

"झाली असतील पंधरा-वीस मिनिटं."

"कोन रंग मारतंय?"

"अजून कोणीच नाही. चहा व्हायचाय."

आता बघा, कोणी रंग मारत नाही म्हणजे हवा वापरली जात नाही. म्हणजे टाकी पाच-सात मिनिटांत भरून मशीन आपोआप थांबायला पाहिजे. ते थांबलं नव्हतं. मला हे तेव्हा सुचलंही नाही. मावशीला फोनवर ऐकू येत होतं.

"काटा किती दाखवतोय?"

मी बघितलं. काट्याच्या काचेवर देहरंगाचा थर. "दिसत नाही. पुसू का जवळ जाऊन?"

"नाय!" तेवढा एकच शब्द ती ओरडली. मग इतकी हळू बोलायला लागली की मला फोन कानात खुपसावा लागला. "गुलाबी, ऐक. मशीनपाशी जायचं नाय. तिथला खटका पन दाबायचा नाय. आत कितीजणी?"

"मला धरून पाच."

"ओरडायचं नाय. सांग, बाहेर चला. चहा राहूदे. टाकीच्या टोकासमोरून कोनी जायचं नाय, भिंतीकडनं जा. मेन बाहेर ओट्यावर हाय ना? बाहेर आल्यावर तो पाड."

मी सांगितलं. कोणी उलट विचारलं नाही. आत्यानं गॅस बंद केला, हे तिचं डोकं. आम्ही भिंतीला पाठ घासत, मूर्तींच्या रांगांमधून बाहेर आलो. मी मेन पाडला. मोटर थांबली.

पण टाकी भरलेली होतीच की! आत बारीक सूं असा आवाज येत होता. "आता कोनी आत जायचं नाय," मावशी म्हणाली, "मी येते." नि ती रोह्याहून निघाली.

दोन तास, कदाचित जास्त. आम्ही पाचजणी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसलो. ऊन चढलं. समोर उघडं दार नि दारातून दिसणारे गणपती, रांगेनं, डोळे उघडलेले, सगळे आमच्याकडे बघणारे. आत्या एकदा म्हणाली, "देव आत नि आपण बाहेर."  नंदूशेठचा फोन आला, कामाचं कसं काय, म्हणून. मी नुसतं म्हटलं, "या."

मावशी आली. चपला तशाच पायात, पहिल्यांदाच. पिशवीतून एक लांब लोखंडी गज काढला, त्याचं टोक वाकवलेलं. "कोनी माझ्यामागं आलं तर पुना या कारखान्यात पाय ठेवनार नाय," म्हणाली नि एकटी आत गेली. भिंतीकडनं. बाजूनं. आम्हाला दिसत नव्हती. मग एकदम शिट्टी. इतकी कर्कश की रस्त्यावरचे दोघं थांबले. गजानं तिनं टाकीखालची पाणी सोडायची चावी उघडली होती. ती शिट्टी किती वेळ चालली! त्यातनं तांबडं पाणी उडालं, पुढच्या रांगेतल्या मूर्तींच्या पायांवर. आणि मग शांत.

तिनं आम्हाला आत बोलावलं. नंदूशेठ पण पोचला होता. मावशीनं खिशातला टेस्टर काढला, टाकीच्या पायाजवळ टेकवला. जोर नाही लावला हो, नुसता टेकवला. भाजलेल्या पापडात बोट जावं तसा तो आत गेला.

नंदूशेठनं वाकून ते भोक बघितलं.

मग तिनं वर बोट दाखवलं. टाकीवर पितळेची कडीवाली छोटी झडप असते, फार हवा भरली तर ती आपोआप उचलून हवा सोडते. शेवटचा उपाय. ती कडी जाम होती. सोनेरी रंगानं. "हिला रंग कोनी मारला?"

मी. मीच मारला होता. दसऱ्याला सगळं मशीन छान दिसावं म्हणून, दोन हात, मुकुटाचा उरलेला सोनेरी. कडीसकट.

मी रडायला लागले. मावशीनं जवळ नाही घेतलं, काही नाही. हार काढला, लाल फडकं सोडलं, घडी घातली. मग पक्कड काढून मशीनची वायर प्लगपाशी कटकन तोडली नि प्लग पिशवीत टाकला.

"मावशी, वायर..." नंदूशेठच्या तोंडून सवयीनं निघालं.

"फडक्याची पूजा होते," मावशी म्हणाली. "तुटलेल्या वायरीची कोन करतंय?"

त्या दिवसापासून तिनं फडकं बांधणं सोडलं. धोक्याची मशीन दिसली की प्लग कापायचा नि घेऊन जायचा. दुरुस्त झाली की ती स्वतः येऊन प्लग परत जोडणार. लोक भांडायचे, शिव्या द्यायचे. तिच्या पिशवीत प्लग खडखडायचे. तो आवाज लांबून आला की आमच्या गल्लीतले कारखानेवाले एकमेकांना म्हणायचे, "आली बघ, कापतेय आता कोणाचा."

पुढच्या माघी गणपतीनंतर मी तिच्या घरी गेले होते. अष्टमीला, पुलावरून चालत. छोटी खोली, पुढे पडवी. पडवीत तिचा नवरा बसलेला, भाऊ म्हणतात त्यांना. मी नमस्कार केला, बोलले, ते हसले. परत बोलले, परत हसले. मग कळलं, त्यांना ऐकू येत नाही. अजिबात. त्यांचा तळहात टेबलावर पसरलेला होता, आणि मध्येच ते खूप मोठ्यानं म्हणाले, "गाडी आली रोह्याला!" मला काहीच ऐकू आलं नव्हतं. थोड्या वेळानं खरंच लांबून भोंगा आला.

मावशीनं चहा दिला. नि मी न विचारता सांगायला लागली, सुपारी कातरावी तसं, तुकड्यातुकड्यानं.

"आमचं टायरचं दुकान व्हतं. रस्त्यावर. एक टेम्पोवाला घाई करत व्हता. मशीन सारखं बंद पडे. हे जेवायला घरी गेलेले. मी म्हनलं, मीच करते. वायर जोडली. डायरेक्ट. दोन मिन्टांचं काम व्हतं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"टेम्पो गेला. मशीन चालू राह्यलं. मी भांडी घासायला मागं गेले. हे जेवून आले, नि आवाज कसला येतोय म्हनून वाकले. टाकीच्या टोकासमोर." तिनं स्वतःचा डावा हात बघितला. "टोक निघून बाजूनं गेलं, म्हनून माणूस राह्यला. कान गेले. त्या दिवसापासून मी ऐकते. ह्यांनी मला हात लावून बगायला शिकवलं. मोजायचं पन ह्यांचंच."

भाऊ तिच्या ओठांकडे बघत होते. मला मोठ्यानं म्हणाले, "अजून तेच सांगते काय? सांगूदे, सांगूदे." आणि तळहात परत टेबलावर ठेवला.

माझं स्टूल तिनं का हलवलं ते मला त्या पडवीत कळलं.

शेवटची भेट मागच्या सीझनला. काम झालं, मी तिला पेण स्टेशनवर सोडायला गेले. गाडीला थोडा वेळ होता. मी माझंच काहीतरी सांगत होते, नवीन मूर्ती, नवीन रंग, मी थांबतेय होय! आणि मावशी ऐकतच नव्हती. तिचं लक्ष फलाटावरच्या स्टॉलकडे. तिथला थंड बाटल्यांचा जुना फ्रिज घरघरत होता. मला तर तो नेहमीसारखाच वाटला. मावशी उठली, स्टॉलवाल्याला न विचारता फ्रिजच्या मागे गेली नि उलटा हात टेकवला.

गाडी आली. मी हाक मारली, "मावशी, गाडी!"

तिनं ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. तिचे ओठ हलत होते. एक. दोन. तिनावर तिनं हात झटकन काढला. स्टॉलवाला म्हणाला, "ओ बाई, काय करता? चार वर्षं असाच चालतोय." मावशी वाकली, मागे काहीतरी बघितलं, सरळ झाली. तिचा चेहरा तोच, टायरवाल्याच्या दुकानात झालेला.

"डायरेक्ट कोनी मारला हा?"

गाडी सुटली. मी पळत जाऊन तिला ओढणार होते. नाही ओढलं. तिचा हात पिशवीत गेला होता, पकडीसाठी, आतले प्लग खडखडले. स्टॉलवाला ओरडत होता, लोक जमत होते, शेवटचा डबा निघून गेला. ती पाठमोरी, शर्टाची कॉलर वर झालेली, एवढीच माझ्या डोळ्यांसमोर आहे. मला कारखान्यात परत जायचं होतं, मी निघाले. थांबले असते तर बरं झालं असतं.

यंदा तिचा फोन लागत नाही. चुलतबहिणीला अष्टमीला पाठवलं, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, दोघं लेकीकडे गेलीत, कुठे ते सांगून गेली नाहीत. असतीलही. मी मुद्दाम तेवढंच धरून बसलेय.

तर आज सकाळी. "डायरेक्ट मारू का? दोन मिन्टांचं काम." नंदूशेठ मेव्हण्याकडे वळला. मेव्हणा म्हणाला, "मारा, आज वीस मूर्ती जायच्यात." आत्या माझ्याकडे बघत होती. मी पंपावर हात टेकवला. उलटा. तिनापर्यंतपण नाही गेले. मग मी प्लग बोर्डातून उपटला नि माझ्या पर्समधली पक्कड काढली. हो, असते माझ्या पर्समध्ये, दोन वर्षं. कटकन.

वायरमन काहीतरी पुटपुटत निघून गेला. मेव्हणा अजून ओरडतोय, मी ऐकतेय इथून. नवा पंप पनवेलहून संध्याकाळी येणार आहे, तोपर्यंत बाकीच्या तिघी हातानं ब्रश मारतायत आणि मला शिव्या देतायत. प्लग माझ्या खिशात आहे. पोळलेला हात चुरचुरतोय, म्हणून एका हातानंच टाइप करतेय.

आता तुम्ही सांगा. तुमच्याकडे, दुकानात, घरी, पाण्याच्या पंपाला, फ्रिजला, कोणी कधी असं दोन मिन्टांचं काम करून ठेवलंय का? आहे का माहीत तरी? उठा, मागे जा, उलटा हात टेकवा नि मोजा. कितीवर काढावा लागला?